सात नंबरच्या मागाचा वेग

अण्णाराव मालकांनी जाहीर केलं होतं, की महिनाअखेरीला सगळ्यांत मंद माग बंद करणार. मंद कोण, हे ठरवणारा प्रोग्रॅम दानेश्वरीनं सी भाषेत लिहिला होता, आणि सगळ्यांत मंद विणकर तिचेच अप्पा, सात नंबरचे सिद्राम, होते. भवानी पेठेतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं; फक्त भिंतीवरच्या स्क्रीनवर यायचं बाकी होतं.

पहिल्याच दिवशी आलं: माग सात, सिद्राम, ताशी inf मीटर.

"म्हंजे किती गं?" मालकांनी विचारलं.

"अनंत," दानेश्वरी बोलून गेली.

मालकांनी चष्मा पुसला. "लई झालं की!"

अप्पांची तीस वर्षांची सवय नडली होती. बटण दाबण्याआधी ते चाक हातानं फिरवत, ताण्याचा धागा न् धागा बघत. तेवढ्यात चार बोटं कापड निघे. घड्याळ मात्र बटणानंतरच सुरू होई. लांबीला शून्य वेळेनं भागलं तर सी तक्रार करत नाही, निमूट अनंत देते. आणि सरासरीत एकदा अनंत पडलं, की मग दिवसभर कितीही सावकाश विणा, सरासरी अनंतच.

उपाय एका ओळीचा होता. isfinite लावून विचारायचं, आकड्याला अंत आहे का. नसेल तर तो बाजूला ठेवायचा. उद्या लावू, असं तिनं रोज ठरवलं.

दुपारी जुळे सोलापूरच्या घरी तिचा डोळा लागे. स्वप्नात सात नंबरवरून टॉवेल निघे, रिक्षांच्या टपांवरून, गच्च्यांवरून करमाळ्याकडे जाई. त्याला शेवटचा काठच नसे. वरून अप्पा चपला हातात घेऊन चालत, अजिबात घाई न करता.

इकडे मालकांनी फर्मान काढलं: सिद्रामसारखं सगळ्यांनी चाक फिरवा. आठवड्यात बाराही माग अनंत झाले.

"सगळे अनंत," मालक म्हणाले, "मग गठ्ठे कमी का भरतात?"

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना सगळं सांगितलं. ओळ लावली तर माग जाईल, हेही.

"खरं हाय ते लाव की," अप्पा म्हणाले. "न संपणाऱ्या टॉवेलानं अंग कुणी पुसायचं?"

तिनं ओळ लावली आणि महिन्याचे साठवलेले आकडे पुन्हा चालवले. अप्पा ताशी तीन मीटर, चौथे. बाकीच्यांनी चाकं उलटीसुलटी फिरवून धागे तोडले होते आणि तासन् तास गाठी मारल्या होत्या. सगळ्यांत शेवटी मालकांचा भाचा संगमेश.

मालकांनी स्क्रीन बराच वेळ वाचला.

"अनंतच बरं होतं," ते म्हणाले.

सात नंबरवर अप्पा चाक फिरवत होते. शून्य वेळात चार बोटं कापड निघालं. प्रोग्रॅमनं ते न मोजता जाऊ दिलं.