चार दिवसांची सुट्टी

जालिंदर पोटापाण्यासाठी बास्केटबॉल खेळायचा, पण कुठल्याच संघात फार टिकायचा नाही. हंगाम संपला की नवं गाव, नवी जर्सी. एक गोष्ट मात्र तो सगळीकडून शिकला होता: लोक भलतेच गोड वागायला लागले, की आपला पत्ता कटलाच समजावं. यंदा त्याला कुठूनच बोलावणं आलं नव्हतं. घरी त्यानं 'चार दिवस सुट्टी आहे' एवढंच सांगितलं.

आणि लोणावळा स्टेशनवर धाकटा भाऊ संपत चक्क गाडी घेऊन हजर! एरवी फोनसुद्धा न घेणारा हा बाबा आज बॅग धरायला धावला. वर 'दादा, आधी चहा घेऊ' म्हणत उगाच वेळ काढू लागला. गावी औंढ्यात पोचले, तर घराच्या दाराशी ओलं सिमेंट अन् गवंड्याची थापी. जालिंदरचं डोकंच फिरलं. म्हणजे माझ्यामागं वाटण्याच उरकल्या की काय यांनी?

सवयीनं मान वाकवून तो तरातरा आत घुसला.

"आता वाकायचं कारण न्हाई," आई म्हणाली. "संपतनं चौकट लय उंच करून घेतलीया."

त्यानं मागं वळून वर पाहिलं आणि त्याचा राग तिथंच गळाला. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी चौकट बदलत नाही.