टाक्यातल्या मरळी

माहा बाप इतवारी मासोळीच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नव्हता. काठावरून नुसता बुडबुडा पाहून सांगे, खाली कोणती मासोळी आहे ते. आणि त्याच शहाण्या माणसानं शाळेतल्या टाक्याचा घोळ केला. आता हसू येते मले, पण तेव्हा माहा जीव टांगणीले लागला होता.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आसगावाजवळच्या आमच्या गावात, मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातून चौथीत गेलेली मी पहिलीच पोरगी. पण मले वर्षात दोनदा हिवताप आला. बापानं भय्याजी गुरुजींले तोंडावर सांगून टाकलं, का शाळेच्या टाक्यावरचे मच्छर पोरीले खाऊन राहिले, अजून एकदा ताप आला तर नाव कापा. घरी बसून जाळं विणन.

गुरुजींनी पवनीच्या दवाखान्यात चिठ्ठी धाडली. पुढच्याच हप्त्यात सायकलवर तिथला मलेरियावाला आला. एरवी तो बोटाले सुई टोचून काचेवर रक्त घे आणि कडू गोळ्या देऊन जाये. यावेळी त्याच्या हँडलले बरणी होती आणि बरणीत बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे. हे मच्छराची पिल्लं खातात म्हणे. आम्ही ते टाक्यात सोडले, आणि पंधरा दिवसात पाण्यात वळवळणारे किडे गायब झाले. मी हरखून घरी सांगितलं.

माही तीच चूक झाली. बाप टाक्यावर गेला, वाकून पाहिलं आणि पोट धरून हसला. ही कोणती मासोळी, मांजरीच्या दाताले नाही लागायची, म्हणे. पण गुरुजी आपल्या पोरीसाठी धडपडून राहिले हे त्याले दिसत होतं. त्यांले काही द्यावं वाटलं असंन. ढिवर काय देणार? तळ्यातल्या दोन जित्या मरळी आणून त्यानं टाक्यात सोडल्या. मरळ बारकी मासोळी गिळते हे त्याले कोणी सांगायले नको होतं. पण गप्पीले तो मासोळी मानतच नव्हता ना!

धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसात मी कुडकुडत घरी आली. मायनं दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. बाप म्हणाला, बस झालं, उद्या नाव कापतो. तापाचं काही नाही हो, नावासाठी मी रातभर रडली.

सकाळी गुरुजीच घरी आले. नाव कापू म्हणाले, पण त्याआधी एक काम आहे.

"इतवारीभाऊ, टाक्यातले मासे कुठं गेले समजत नाही. गावात तुमच्याशिवाय कोणाले कळन?"

बाप ताठ मानेनं निघाला. मी गोधडी पांघरून मागं. त्यानं टाक्यात हात घातला आणि गुबगुबीत मरळ वर काढली. पाण्यात पुन्हा किडे वळवळत होते. त्यानं ते पाहिले, मरळीकडे पाहिलं, मंग माह्याकडे. मरळ तशीच हातात धरून तो गुरुजींकडे वळला.

"गुरुजी, पोरीले ताप मीच आणला. नाव राहू द्या."

मासे कुठं गेले ते गुरुजींले पहिल्यापासून ठाऊक होतं असं मले आजही वाटते. त्यांनी हजेरीपट उघडलाच नाही. बाप दोन्ही मरळी घरी टाकून तसाच पायी पवनीले गेला, आणि संध्याकाळी गप्पीची बरणी छातीशी धरून परत आला. मंग टाकं त्याच्याच ताब्यात गेलं. दर हप्त्याले घासून काढे, वर फळी ठेवे, पोरांले जवळ फिरकू देत नव्हता.

पंच्याऐंशीत मले मास्तरणीची नोकरी लागली, लाखनीकडच्या एका शाळेत. निघताना मायनं नवं लुगडं दिलं. बापानं फडक्यात बांधलेली बरणी हातात ठेवली. आत गप्पी फिरत होते.

"सांभाळून ने," तो म्हणाला. "मासोळी आहे."