सहा नंबरची बादली

मापाड्याला त्या खोलीत बोलायची बंदी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, अरे, हा माणूस तोंड उघडून एक शब्द का बोलत नाही? कसा बोलणार! नियमच तसा होता, आणि तो नियम सुचवला होता त्यानेच.

वाइनरी तशी लहान. एक लांबट शेड, सात टाक्या आणि अकरा बागायतदार भागीदार. अकराजणांची द्राक्षं शेवटी एकाच मोठ्या टाकीत जायची आणि बाटलीवर सगळ्यांचं मिळून एकच नाव असायचं. त्यामुळे एकाने घाण केली की अकराजणांचं वर्ष नासलं. म्हणून काढणीच्या आधी बादल्या लागायच्या. मापाडी प्रत्येक बागेतून टोपलीभर द्राक्षं आणायचा, पांढऱ्या बादलीत चेचायचा, खमीर घालून झाकण लावायचा. झाकणावर नाव नाही, खडूने नुसता नंबर. सहा दिवसांत बादलीत कच्ची वाइन तयार व्हायची. सातव्या दिवशी सकाळी सगळे भागीदार लांब टेबलाभोवती बसून ती चाखायचे, आणि एकेक नंबर पुकारला की घ्यायची असेल तर हात वर करायचे. कुठला नंबर कुणाचा हे फक्त मापाड्याला ठाऊक. नंबरांचा कागद पाकिटात, पाकीट भिंतीवर चिकटवलेलं, आणि ते फुटेपर्यंत मापाडी दाराजवळच्या स्टुलावर मूग गिळून बसलेला.

"खोकायचंसुद्धा नाही," भागीदारांतला सगळ्यांत म्हातारा, रिटायर झालेला पोस्टमन, दरवर्षी न चुकता बजावायचा. "खोकलास की आम्ही खूण समजू."

एकोणीस वर्षं मापाडी हे काम करत होता. बागेबागेतून हिंडायचं, एका मण्याचा रस काचेच्या नळीवर टाकायचा, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं आणि गोडी किती भरली ते वहीत लिहायचं. म्हणून तो मापाडी. बावन्न वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. फक्त एकच बाई त्याला चारचौघांत 'बाळ्या' म्हणायची, ती म्हणजे त्याची थोरली सख्खी बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. टेबलाची अकरावी खुर्ची तिची.

ती खुर्ची मापाड्यानेच तिला मिळवून दिली होती. भाऊजी गेल्यावर ताईकडे त्यांनी लावलेली जर्दाळूची बाग राहिली होती. झाडं म्हातारी, फळ कमी. "तोडून टाक ती," हा तिच्या मागेच लागला, "द्राक्ष लाव, भागीदार हो, मी आहे ना!" 'मी आहे ना' हे त्याचं पालुपद. ताईने दोन महिने विचार केला, एकदा रडून घेतलं आणि झाडांवर करवत चालवू दिली. द्राक्ष लावलं. पण वेल फळाला आल्यावर पहिल्या वर्षी गारपिटीने झोडपलं आणि बाग नापास झाली. दुसऱ्या वर्षी गोडी दीड अंशाने कमी पडली आणि मापाड्यानेच, तोंड एवढंएवढं करून, वहीत 'नापास' लिहिलं. हे तिसरं वर्ष. आणि सलग तीन वर्षं बाग नापास झाली तर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार, हाही नियम. यादीत नऊजण ताटकळत होते.

या वर्षी मात्र ताईची द्राक्षं बघून मापाड्याचा जीव सुपाएवढा झाला होता. गच्च घड, काळाभोर रंग, गोडी पाहिजे तेवढी. तो तिच्या बांधावर चक्क शीळ घालत हिंडला. "या वर्षी खुर्चीवर उशी घेऊन ये," तो तिला म्हणाला होता. "आता कायमची बसायचीय तुला."

आणि आज सकाळी आठ वाजता त्याने सहा नंबरच्या बादलीचं झाकण उघडलं.

वास आला. पेटलेल्या चुलीवर कुणी तांब्याभर पाणी ओतावं तसा ओल्या राखेचा. त्याला आधी वाटलं, आपल्या शर्टाच्या बाहीला येतोय. त्याने हात धुतले. बाहेर जाऊन चार मोठे श्वास घेऊन आला. पाच नंबर हुंगली, सात नंबर हुंगली, त्या ठणठणीत होत्या. परत सहावर वाकला. राखच. बोट बुडवून चाटलं, गिळलं, आणि घशाच्या मागे ती राख अशी चिकटून बसली की जाता जाईना.

तेव्हा त्याला जर्दाळूची खोडं आठवली आणि तो बादलीच्या बाजूला जमिनीवरच बसला.

तोडलेल्या झाडांची खोडं ताईच्या बागेच्या खालच्या अंगाला ढीग करून पडली होती. त्यात कीड झाली होती. दोन महिन्यांपूर्वी सुटीच्या दिवशी हा शहाणा तिकडे गेला आणि म्हणाला, "आज हा ढीग जाळून टाकतो. कीड वेलींत शिरली म्हणजे?" ताई म्हणाली, "थांब रे, काढणी होऊ दे. मण्यांनी रंग धरलाय आता." तर हा काय म्हणाला? "ताई, एकोणीस वर्षं मी हेच करतोय. तू आपला चहा टाक."

खोडं तीन दिवस धुमसत होती. वारा नव्हता. बाग खोलगटात, धूर तिथेच बसून राहिला. रंग धरलेला मणी धूर पितो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि दगा असा की मण्यावर काही दिसत नाही, खाऊन कळत नाही, गोडीच्या नळीला समजत नाही. वाइन झाली की मगच तो धूर बाहेर येतो. 'मण्यांनी रंग धरल्यावर बागेजवळ जाळ करू नये' असा कागद वाइनरीच्या भिंतीवर लावलेला होता. अक्षर मापाड्याचं. खाली दोन रेघासुद्धा त्यानेच ओढलेल्या. पण ताईच्या बागेत तो मापाडी नव्हताच ना! तिथे तो बाळ्या होता, थोरल्या बहिणीला आपली हुशारी दाखवायला आलेला.

नऊ नंबरची बादली पोस्टमनची होती. काठोकाठ भरलेली आणि वासाला अशी सुरेख की विचारू नका. चाखणीला प्रत्येक बादलीतून एकेक बाटली भरून टेबलावर जायची. मापाड्याने सहा नंबरची रिकामी बाटली उचलली आणि नऊच्या बादलीशी नेली. एका बाटलीचा तर प्रश्न. कोण बघतंय? नरसाळं बाटलीत बसवलं, डाव बुडवला, भरून वर घेतला. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे पुढचा आठवडा आला. ताईची अख्खी काढणी, पाच ट्रॉल्या द्राक्षं, मोठ्या टाकीत पडताहेत, आणि अकरा घरांच्या वर्षभराच्या कष्टांना राखेचा वास लागतोय. डाव त्याने परत बादलीत उलटा केला. निम्मं खाली सांडलं.

साडेनऊला मास्तर आले. वाइन करणारे ते. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून मास्तर. मापाडी त्यांच्याकडे धावलाच. "मास्तर, ती सहा..."

"गप!" मास्तरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "पाकीट चिकटवलंय ना? मग नंबराबद्दल एक शब्द नको. तू बोललास की चाखणी रद्द. पुन्हा बादल्या, पुन्हा सहा दिवस. तोवर सगळ्यांच्या वेलींवर मनुके होतील, चालेल?"

चालणार नव्हतं. मापाडी स्टुलावर जाऊन बसला.

दहाला सगळे जमले. ताई खरंच उशी घेऊन आली होती. निळ्या खोळीची, घरी शिवलेली. खुर्चीवर ठेवून तिने ती दोनदा थोपटली आणि दाराकडे बघून हसली. मापाड्याने मान खाली घातली.

एक ते पाच नंबर झटपट झाले. चौथ्याला जुळ्या भावांचं भांडण लागलं. दोघांच्या बागा वेगळ्या, आणि थोरल्याने हात वर केला की धाकटा मुद्दाम खाली ठेवणार, हे ठरलेलं. मग मास्तरांनी पुकारलं, "सहा."

पेले भरले गेले. पोस्टमनने घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, "झकास आहे की!" त्याचा हात वर गेला. थोरल्या जुळ्याचा गेला आणि, काय सांगावं, धाकट्याचाही गेला. आठ हात झाले, नऊ झाले. झाकणाखाली कोंडलेला वास सकाळीच उडून गेला होता, कुणाला काही कळलं नव्हतं! मापाड्याने मनातल्या मनात हात जोडले, पण मागायचं काय तेच त्याला समजेना. पास झाली तर सगळ्यांची टाकी नासणार, नापास झाली तर ताई उठणार. दोन्हीकडून त्याचंच करणं आणि त्यालाच बसून बघायचं होतं.

ताईने हात वर केला नव्हता. ती घोट तोंडात घोळवत होती. गिळला. भुवया जवळ आल्या. त्या भुवया मापाडी लहानपणापासून ओळखत होता. दूध जरा जरी लागलं तरी आईच्या आधी हिला कळायचं.

"थांबा," ताई म्हणाली. "हात खाली करा सगळे. राख आहे यात."

"कुठली राख?" पोस्टमन म्हणाला.

"पहिल्या घोटाला नाही कळत. गिळा आणि जरा थांबा. घशात मागे बघा."

सगळ्यांनी पुन्हा घेतली. मग थोरल्या जुळ्याने तोंड वाकडं केलं. "आहे बुवा."

"अहो, असेल थोडीशी," पोस्टमन चुळबुळला. "एवढ्या मोठ्या टाकीत कळणारसुद्धा नाही. कुणाचं वर्ष का घालवायचं?"

"वर्षभर बाटलीत बसली की दुप्पट कळेल," ताई म्हणाली. मग ती तापलीच. "कुठल्या तरी दीडशहाण्याने बागेजवळ जाळ केलाय, दुसरं काही नाही! माझ्या भावाने भिंतीवर एवढा मोठा कागद लावलाय, खाली रेघा मारून. लोकांना वाचता येत नाही का?" आणि तिने मापाड्याकडे अशा कौतुकाने बघितलं, जणू म्हणत होती, बघ रे, तुझी बाजू घेतली की नाही मी!

मापाडी स्टुलावरून अर्धा उठला. काय करणार होता कोण जाणे. मास्तरांनी डोळे वटारले. "ए, बस खाली," पोस्टमन म्हणाला. तो बसला.

एकेक करत सगळे हात खाली आले. फळ्यावर सहाच्या पुढे फुली मारायचं काम मापाड्याचं. त्याने ती मारली. खडू मोडला.

मग सात, मग आठ. नऊ नंबर चाखताना ताईचा चेहरा उजळला. तिने आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि शेजारी बसलेल्या धाकट्या जुळ्याच्या कानाशी लागली, पण बोलणं दारापर्यंत ऐकू आलं. "ही माझी असावी बघ. असंच वाटतंय मला." मापाड्याने स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

अकरा नंबर संपले. मास्तरांनी भिंतीवरचं पाकीट सोडवून फोडलं आणि कागद रिवाजाप्रमाणे मापाड्याच्या हातात दिला. वाचायचा त्यानेच. एक वाचला, दोन वाचला. ज्याचा नंबर निघेल त्याची पाठ थोपटली जात होती. पाच वाचला आणि तो थांबला.

"वाच ना रे बाळ्या," ताई म्हणाली. तिचा राग केव्हाच उतरला होता, उलट आता तिला वाईट वाटत होतं. "कुणाची का असेना, सांगायला तर हवंच. कुणाची आहे?"

"तुझी."

ती हसली. चेष्टाच वाटली तिला. मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि त्याच्यावरून नजर काढून फळ्यावरच्या फुलीकडे.

"आणि नऊ?" तिने विचारलं.

"पोस्टमनची."

ताई पोस्टमनकडे वळली. "फार छान झालीये हो तुमची," ती म्हणाली.

पोस्टमन हातातला रुमाल चुरगाळत उभा राहिला. "पुन्हा हात वर करून बघू या का? आमचं काय, आम्हाला तर कळलंही नव्हतं!" जुळे माना हलवू लागले. मास्तर छताकडे बघत होते.

"आता कळलंय ना," ताई म्हणाली. "कितीदा चाखली तरी राखच लागणार."

खुर्च्या सरकल्या, एकेकजण ताईच्या खांद्याला हात लावून गेला. मास्तर, माणूस भला, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले आणि मग गेले. ताई मात्र उठली, पदर खोचला आणि पेले गोळा करायला लागली. मापाडी तिच्या मागे मोरीपाशी गेला. आता त्याला बोलायची मोकळीक होती.

"ताई, ती खोडं... मी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. पाणी वाहत होतं. "माझ्याकडे दुसरं कोण येतं जाळायला?"

त्याने पेले पुसायला फडकं घेतलं. तिने एक पेला धुऊन त्याच्या हातात दिला, मग दुसरा. तिसरा हातात धरून ती थांबली आणि त्याच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. लहानपणी तो झाडावरून पडून आला की जसं विचारायची, तसंच तिने विचारलं.

"मी थांब म्हटलं होतं ना रे तुला?"

"हो," मापाडी म्हणाला.

ताईने हातातला पेला नाकाशी नेला, वास घेतला आणि पुन्हा पाण्याखाली धरला.