अक्षराखालचं टिंब

बाईंनी फळ्यावरच्या शब्दाखाली पट्टी ठेवली आणि इस्त्रीवालीकडे पाहिलं. ती उठली, बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली.

"नाही येत."

शब्द होता ‘कपाट’. दोन महिन्यांपूर्वी याच इस्त्रीवालीने धोबीखान्याचं अख्खं दरपत्रक वाचून दाखवलं होतं. अक्षर लागलं की त्याखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं, ही बाईंची पद्धत. तिने दरपत्रकभर टिंबं दिली होती, वर वर्गात मागे बसून शिकणाऱ्या पहारेकऱ्याला चिडवलं होतं, "दादा, तुम्ही गेट राखा, वाचायचं मी बघते." गेले तीन आठवडे मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

हा प्रौढांचा वर्ग धोबीखान्याच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलांवर भरायचा. वरून एक तक्ता आला होता. प्रगती का नाही, त्याचं कारण लिहा: वय, दृष्टी, कामाच्या पाळ्या, घरचा विरोध. कारण नसेल तर नाव कमी. बाईंना असल्या तक्त्यांचा मनापासून संताप यायचा. तरी कारण शोधायला त्या संध्याकाळी तिच्या घरी गेल्या.

घर म्हणजे एकच खोली. नवरा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. पूर्वी तो बस चालवायचा. आता सदऱ्याच्या गळ्यात अजून एक मान मावली असती.

"या बाई. मीच पाठवलं हिला वर्गाला. म्हटलं, माझ्यामागे हिचं अडायला नको." मग घाईने हसला. "म्हणजे, मी ड्यूटीवर गेल्यावर."

इस्त्रीवालीने उशाची फाइल काढून त्याच्यापुढे धरली.

"तेवढा दवाखान्याचा कागद वाचा ना परत. बाईंनाही कळेल."

"त्यात काय वाचायचं? प्रकृतीत सुधारणा. औषधं चालू ठेवावीत. दोन महिन्यांत कामावर." त्याने कागदाकडे नीट पाहिलंही नाही.

तिने कागद बाईंच्या हातात दिला.

‘उपचारांचा आता उपयोग नाही. घरी न्यावे. नातेवाइकांना कल्पना द्यावी.’ तीनच वाक्यं होती, आणि प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीचं बारीक टिंब होतं. शेवटच्या अक्षरापर्यंत एकही सुटलं नव्हतं.

बाईंनी कागद होता तसा फाइलमध्ये ठेवला.

"बाई, खरं सांगा," नवऱ्याने विचारलं, "हिला वाचता यायला किती दिवस लागतील?" पांघरुणाची कड त्याने मुठीत घट्ट धरली होती.

इस्त्रीवाली त्याच पांघरुणाची सुरकुती तळहाताने सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "डोळ्यांचा त्रास आहे. बरेच महिने जातील."

त्याची मूठ सैल झाली.

"जाऊ द्या. घाई कुठे आहे."

ती दारापर्यंत सोडायला आली. बाईंनी पिशवी चाचपली, खोडरबर काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"उद्या वर्गाला ये," त्या म्हणाल्या. "येत नाही म्हणायला तरी ये."

तिने मान हलवली आणि खोडरबर मुठीत झाकून आत गेली.