शुक्रवारचे सहा आकडे

मीरानं चौथा आकडा टाइप केला आणि तिचा अंगठा थांबला.

निरांजन नुकतंच लावलं होतं. गूळ-चण्याची वाटी देवीपुढं ठेवायची राहिली होती. ती डाव्या हातात तशीच होती. उजव्या हातातल्या फोनवर, ल्युडो गेमच्या पटाखालच्या चॅटमध्ये, फ्लॉसीच्या नावानं एकेक ओळ उतरत होती.

‘मीरा, मी दवाखान्यात आहे. माझा नंबर बंद पडलाय. तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत ते पाठव, तरच इथं माझा विमा उघडेल.’

‘लवकर. दोन मिनिटं राहिली.’

‘फोन करू नकोस. कुणाला सांगू नकोस.’

बावीस वर्षं दोघी वसईच्या एका शाळेच्या ऑफिसात शेजारच्या खुर्च्यांवर बसल्या. आता मीरा बोळिंजच्या फ्लॅटमध्ये, फ्लॉसी पाचूबंदरला. पण दुपारचा ल्युडो ठरलेला. हरली की फ्लॉसी लिहायची, ‘मीराबाय, तुझी देवी फासे टाकते, माझा येशू बघत बसतो.’

मीराबाय. आज नुसतंच मीरा. दुखण्यात माणूस लाडाचं नाव विसरत असेल.

पण फ्लॉसीचा उपासकाळ चालू होता. “मटण सगळेच सोडतात, बाय. मी गेम सोडते,” राखेच्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन म्हणाली होती. ईस्टरपर्यंत पट बंद. मग मीरानंही तो उघडला नव्हता. आज फोनवर गेमची घंटी वाजली म्हणून उघडला. व्रत म्हणजे काय, ते मीराला कुणी सांगायला नको होतं. दवाखान्यात पडलेली फ्लॉसी आधी व्रत मोडून गेममध्ये शिरेल?

की इतकं वाईट झालं असेल, की दुसरी वाटच उरली नसेल?

तिनं चारही आकडे खोडले. पट बंद करून फ्लॉसीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पडद्यावर वरून गेमच्या मेसेजची पट्टी सरकली:

‘एक मिनिट. मला काही झालं तर तू जबाबदार.’

हातातली वाटी खाली ठेवली. तिनं फ्लॉसीच्या लेकीला फोन लावला.

“बोला मावशी.”

“अ‍ॅनिशा, मम्मी कुठंय?”

“चर्चमध्ये. शुक्रवार ना, क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. फोन कपाटात, सायलेंटवर. मी आत्ताच आले कामावरून. का हो?”

“बरी आहे ना ती?”

“बरी? सकाळीच माझ्याशी भांडलीय!”

मीरा देव्हाऱ्यासमोर खाली बसली. तिनं सगळं सांगितलं. अ‍ॅनिशा लगेच म्हणाली,

“कुणीतरी मम्मीच्या नावानं शिरलंय. काही पाठवू नका, मावशी. मला वाटलंच होतं त्या लिंकचं.”

“कुठल्या?”

“तुम्ही सोमवारी गेममध्ये पाठवलेली. नातवाच्या चित्राला मत द्या म्हणून. गेमचा पासवर्ड मागत होती. मी म्हटलं नको. तर मम्मी म्हणते, मीराबाय कधी काही मागत नाही. एकदाच उघडते, येशू समजून घेईल.”

“मी नाही पाठवली.”

बोलता बोलता मीराला आठवलं. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, शाळेतल्या सावित्रीच्या नावानं असंच एक चित्र आलं होतं. मुलाचं भलं होतंय म्हणून तिनं मत दिलं होतं. गेमचा पासवर्डही.

पलीकडे कपाटाचं दार वाजलं.

“मम्मीच्या फोनवर बघते, थांबा… मावशी, तुमचा गेम चालू आहे का?”

“नाही.”

“तुमच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतोय. मम्मीला काहीतरी लिहिताय तुम्ही.”

मीरानं फोन कानापासून दूर धरून पाहिला. पडद्यावर फक्त अ‍ॅनिशाचं नाव होतं. तिनं तो पुन्हा कानाला लावला.

“अ‍ॅनिशा,” तिनं हळूच विचारलं, “काय लिहितेय मी?”