मंगळवारचा धूर

आमचं गाव ओस हाय म्हणं! तसं लिहून गेला त्यो ओव्हरसिअर. दारं बंद, चुलीस्नी जाळ न्हाय, माणसं ऱ्हात न्हाईत, मग साकव बांधायचा कुणासाठी? ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आगं, आमी काय मेलतो व्हय?

मलप्रभेच्या अल्याड आमचं गाव. रस्ता, बाजार, दवाखाना समदं पल्याड खानापूरकडं. पावसात नदी भरली की आमी इकडंच अडकून. गेल्या आषाढात आमच्या मालकाच्या पोटात कळ आली. घोंगड्यात घालून काठापतोर आणलं, पर नाव घालायला कुणी धजंना. पल्याड दवाखान्याची कौलं दिसत हुती. ती बघत बघतच मालक गेलं. आता माझी सून गुणा पोटुशी, दिस भरणार भर पावसात. पयल्या खेपेला ती आडली हुती. पोर गेलं. ती वाचली, कारण उन्हाळा हुता आणि गाडीतनं पल्याड नेता आलं. तवा मला साकव पायजे हुता, त्योबी पावसाच्या आधी. दुसरं काय मागत नव्हतो मी.

मारुतीराव आमच्याच गावचा. बेळगावात वकिली करतो, आणि आता मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत निवडून गेलेला. त्यानं कष्ट केलं न्हाईत असं मी म्हणणार न्हाय. मुंबईला अर्ज केलं, कचेरीत खेटं घालून वहाणा झिजवल्या, आणि लाकडाचा का हुईना, साकव मंजूर करून आणला. फकस्त ओव्हरसिअर येऊन वस्ती बघून जाणार हुता. कचेरीनं मंगळवार इचारला, आणि ह्यानं चालंल म्हणून सांगितलं.

मंगळवार! यात्रेआधी पाच मंगळवार आमचं गाव लक्ष्मीचा वार पाळतं. उजाडायच्या आत दाराला कडी, आणि गुरंढोरं घेऊन समदं गाव शिवारात. चूल तिकडंच. दिवेलागणीपतोर वेशीच्या आत पाय ठेवायचा न्हाय, घरात जाळ करायचा न्हाय. ह्या गावात जन्मलेल्यानं ह्ये इसरायचं?

आणि आमी तरी कुठं शाणी! सायब येणार म्हणून निरोप आलता. देवीचा मानकरी नागोजी म्हटला, "येऊ दे की, शिवारात येईल." आमी आंब्याखाली त्याच्यासाठी पोळ्या केल्या. सायब नदीच्या दुसऱ्याच उतारानं आला, सरळ गावात. लांबनं त्याची टोपी दिसली. आमी बोंबललो, पदर हलवलं. त्यानंबी टोपी हलवली आणि चालला की माघारी! मी पळणार, तर नागोजीनं काठी आडवी घातली. "वेस ओलांडायची न्हाय, बायाक्का." पोळ्या मग गावानंच खाल्ल्या.

सायबानं काय लिहिलं ते सांगायला मारुतीराव पळत आला. त्यानं सायबाच्या हातापाया पडून अजून एक फेरी कबूल करून घेतलती. पर सायब ह्या वाटेनं लोंढ्याला जायचा त्यो मंगळवारीच. पुढल्या मंगळवारी येणार, न्हाय तर साकव रद्द.

त्या मंगळवारी सायब वेशीत उभा, मारुतीराव त्याच्या बाजूला, आणि आमी समदी वेशीबाहेर. मारुतीराव म्हटला, "सायब, ही बघा माणसं." सायब म्हटला, "शिवारात कुठलीबी माणसं असत्यात. मला ऱ्हाती घरं दाखवा."

मारुतीरावानं नागोजीला हात जोडलं. "आप्पा, घटकाभर दारं उघडू दे."

"देवीचा कोप झाला तर तू निस्तरणार हैस?"

मारुतीराव बाप्यांच्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हायला. मतं सारा भरणाऱ्या बाप्यांचीच न्हवं! माझं डोकं फिरलं.

"मारुती," मी म्हटलं, "मला मत न्हवतं, तरी माझ्या दारात बसून भाकरी खाल्लास. 'आक्का, साकव बांधून देतो' म्हणलास. मालकानं काठावर जीव सोडला तवा रडलास. आता तोंड शिवलंय व्हय रं तुझं?"

मी नागोजीकडं वळलो.

"आणि आप्पा, लक्ष्मी काय तुझ्या एकट्याची? बाळंतिणीला नदीकाठी मारणारी देवी मी तरी बघितली न्हाय. काय जाब द्यायचा त्यो मी देतो तिला."

शिवारातल्या चुलीतला इस्तू खापरात घेतला आणि निघालो. नागोजीनं काठी उगारली. गुणा एवढं पोट घेऊन माझ्या आणि काठीच्या मधी येऊन उभी ऱ्हायली. "मारा, आप्पा," म्हटली. काठी खाली आली, पर हळूच.

मी कडी काढली. चुलीला जाळ घातला. शेणी जरा वल्या हुत्या, धूर लई झाला. बाहीर येऊन बघतो तर जयाबाईच्या कौलातनं धूर! मग अंबूच्या. मग मारुतीरावाच्या बंद घरातनंबी. आत जाऊन बघितलं तर आमदार धोतर खोचून फुकणीनं चूल फुंकत बसलेला, डोळ्यांतनं पाणी.

"इसरलो गं आक्का," म्हटला. "वार इसरलो."

"आता फुंक," मी म्हटलं.

सायबानं धुराची घरं मोजून वहीत वस्ती लिहिली, आणि साकव पावसाच्या आधी उभा ऱ्हायला. उद्घाटनाला हार कुणाला? मारुतीरावाला आणि नागोजीला! चूल पेटवणाऱ्या बायांस्नी बसायला जागाबी न्हाय. वर पंचांनी मला दंड केला, वार मोडला म्हणून. एक बोकड. मारुतीराव पंचांशी भांडला, मी दंड भरतो म्हटला. मी त्याला गप केलं. माझा दंड मीच भरणार.

श्रावणात बोकड पल्याडच्या बाजारातनं घेतला. खाली नदी दोन्ही काठ भरून चाललेली, आणि मी साकवावरनं दोर वढत आलो. मागनं गुणा, दवाखान्यातनं सुटलेली, पदराखाली पोरगी. अल्याडच्या टोकाला नागोजी दंड घ्यायला उभाच. दोर त्याच्या हातात दिला.

"ह्यो घे तुझा बोकड, आप्पा," मी म्हटलं. "आणि हिचं तोंड बघ. गावात एक माणूस वाढलंय."