उसना मलेरिया

हे कुणी मानणार नाही, पण एकही डास न चावता मला मलेरिया झाला होता, तोही फक्त पाव तास. धायरीत असा विक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर दाखवा.

झालं असं. डॉक्टर प्रियदर्शनींनी मला महिन्याची मुदत दिली होती. सकाळची उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत आली नाही, तर रोज पोटात इन्सुलिनची सुई. माझी सून नीरजा रोज यंत्रावरचा आकडा तपासायची, आणि माझा आकडा काही अडीचशेच्या खाली उतरायला तयार नव्हता. म्हणून फिरायला जातो असं सांगून, यंत्र खिशात घालून मी खालच्या मजल्यावर रंगरावांकडे जाऊ लागलो. रंगराव एकटे राहतात. अंगाने काडी, साखर कायम नव्वदच्या आसपास. एका टोचणीला एक बेसनाचा लाडू, असा आमचा करार.

नीरजाला संशय आलाच. "बाबा, लाडवांचा डबा अर्धा, आणि साखर ब्याण्णव?"

"अगं, साजूक तूप साखरेला मारतं."

"हो का. मग डॉक्टरांनी तूपच लिहून द्यायला हवं होतं."

सोमवारी गेलो तर रंगराव दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. "एक दिवसाआड येतो ताप, बाळासाहेब," ते म्हणाले. "घाम फुटला की उतरतो. दोन दिवस जेवण तेवढं जात नाही." लाडवाकडे त्यांनी पाहिलंही नाही, पण बोट मात्र न मागता घोंगडीतून बाहेर काढलं. श्वास असा चालला होता, जणू पर्वती पळत चढून आलेत. आकडा आला सेहेचाळीस. मी खूश. "पडून राहा, संध्याकाळी येतो," म्हणालो आणि वर आलो.

आकडा पाहून नीरजाने तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दोन चमचे साखर माझ्या तोंडात कोंबली, आणि स्कूटरवर मागे बसवून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं. तीनशे दहा.

"दोन चमच्यांत एवढी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि सेहेचाळीसवर माणूस स्कूटरवर बसून गप्पा मारत येत नाही, आजोबा. ताप वगैरे येतो का?"

मला समोर सुई दिसत होती. मी रंगरावांचा ताप जसाच्या तसा उचलला. "एक दिवसाआड. हुडहुडी, मग घाम. जेवण जात नाही. धाप लागते."

"तुम्हाला कधी ताप आला?" नीरजा म्हणाली.

"तू मीटिंगमध्ये असतेस तेव्हा."

डॉक्टरांनी मलेरियाच्या तपासणीची पट्टी काढली. रक्ताचा थेंब टाकून त्या नीरजाला सांगू लागल्या, "हे जंतू तांबड्या पेशींत शिरतात आणि तिथे बसून साखर फस्त करतात, निरोगी पेशीच्या कित्येक पट. वर आम्ल सोडतात, म्हणून श्वास भराभर चालतो. यकृत नवी साखर करून पुरवतं, पण आजार वाढला की त्यालाही ते जमेनासं होतं. त्यात पोटात अन्न नाही. साखर सेहेचाळीसवर आली म्हणजे माणूस कधी बेशुद्ध पडेल सांगता येत नाही. जिवावर बेततं."

रंगरावांची धाप माझ्या कानात वाजू लागली. खरं सांगावं असं अगदी ओठांवर आलं. पण खरं सांगितलं की सुई आलीच.

"तुम्ही डावा हात टोचलात, डॉक्टर," मी म्हणालो. "माझ्यातले जंतू उजव्या हातात वस्तीला आहेत. सकाळी तिथली साखर खाऊन झोपतात. डावीकडे अजून कोठार भरलेलं."

डॉक्टर पट्टीकडे पाहत राहिल्या. नीरजा माझ्याकडे.

पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ. "मलेरिया नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे बरा झालो," मी म्हणालो.

नीरजाने माझा उजवा हात उचलून खिडकीच्या उजेडात धरला. एकेक बोट दाबून पाहिलं. मग डावा हात. त्यावर आताची ताजी टोच, बाकी सगळं गुळगुळीत.

"तीन आठवडे रोज टोचताय ना?" ती म्हणाली. "एकाही बोटावर खूण नाही. आणि गेल्या आठवड्यात रंगरावकाका जिन्यात आपला लाडू खाताना दिसले होते मला. बाबा, खोटं बोलताय तुम्ही. ताप त्यांचा, रक्तही त्यांचंच. डॉक्टर, चला, पेशंट आमच्या खालच्या मजल्यावर एकटा पडलाय."